बसायला न वापरल्या जाणाऱ्या घोड्याचे दाट केस कसे कापायचे

घोड्यावर कोणी बसत नाही मग केस कापायचे कशाला असं बरेच जण विचारतात, आणि थंड देशात बाहेर चरणाऱ्या धडधाकट घोड्याचा हिवाळी कोट, म्हणजे थंडीसाठी वाढलेले दाट केस, खरंच उगाच काढू नये. पण म्हातारा घोडा, ज्याला कुशिंग म्हणजे पीपीआयडी (मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा, हार्मोन बिघडवणारा आजार) झालाय, त्याचे लांब कुरळे केस उन्हाळा आला तरी नीट गळत नाहीत आणि बिचारा सावलीत उभा राहूनही घामाघूम, त्याचे मात्र कापायलाच हवेत. (व्हेटकडून एसीटीएच या हार्मोनची रक्ततपासणी पण करून घ्या, नुसत्या हजामतीने आजार जात नाही.)

आदल्या दिवशी आंघोळ घाला, पूर्ण वाळू दे, मग चांगला खरारा, कारण मळक्या केसांत ब्लेडची धार लगेच जाते. केस कापायचं मशीन आधी लांबच चालू करा, आवाजाची सवय झाली की खांद्यापासून केसांच्या उलट्या दिशेने लांब सलग पट्टे मारायचे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर थोडा चढवून. कोपराजवळ कातडी सैल असते, तिथे कोणालातरी पुढचा पाय पुढे ओढून धरायला सांगा नाहीतर घडी ब्लेडमध्ये येऊन कापते. मधेमधे तेल, आणि मशीन बंद करून ब्लेडला हात लावून बघा, गरम लागलं की थांबायचं. कानातले केस राहू द्या, माश्या तेच अडवतात. एका दिवसात नाही झालं तर उद्या, त्याला कुठे शोला न्यायचंय! रात्री गारठा असेल तर पातळ झूल घाला.