उपमा की उत्प्रेक्षा? आधी मधला शब्द शोधा

दहावीच्या पेपरात उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक या अलंकारांची हमखास गल्लत होते. वाक्याचा अर्थ लावत बसू नका, आधी दोन वस्तूंना जोडणारा शब्द पेन्सिलीने गोल करा. दादरच्या संध्याकाळच्या गर्दीवर करून पाहू:

१. 'गर्दी पुरासारखी फलाटावर लोटली.' सारखी, प्रमाणे, सम, परी सापडलं की उपमा.

२. 'गर्दी म्हणजे जणू मिठी नदीला आलेला पूरच!' जणू, गमे, वाटे, भासे असेल तर उत्प्रेक्षा.

३. 'गर्दीच्या पुरात तो वाहत गेला.' गोल करायला शब्दच नाही, दोन्ही एकच मानलेत. हे रूपक. मुलं अडखळतात ती इथेच, कारण 'च्या' हा नुसता षष्ठीचा प्रत्यय वाटतो.

४. 'ही गर्दी नव्हे, पूर आहे.' मूळ वस्तूच नाकारली, म्हणून अपन्हुती.

लिहिणाऱ्यांनाही हे उपयोगी: उपमा ढिली वाटली तर 'सारखी' काढून रूपक करून बघा, वाक्य बहुधा आवळतं.

एक सांभाळा. 'कुर्ला दादरसारखंच गजबजलेलं आहे' यात 'सारखंच' असूनही उपमा नाही. दोन स्टेशनांची ती साधी तुलना आहे. वस्तू वेगळ्या जातीच्या हव्यात.