स्टॅटिक साइट की एसपीए? कुंदावाल्याला काय करून द्यायचं
बेळगावातल्या कुंदावाल्याला (कुंदा ही तिथली मिठाई) साइट पाहिजे म्हणजे काय, तर भाव, टायमिंग, पत्ता, चार फोटो, बस. तिथं रिअ‍ॅक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी) घालून बसू नका, सरळ स्टॅटिक, म्हणजे आधीच तयार पानांचं, एचटीएमएल करा आणि क्लाउडफ्लेअर पेजेस या होस्टिंगवर फुकट टाका. एसपीएत, म्हणजे एकाच पानात जावास्क्रिप्टनं सगळं दाखवणाऱ्या साइटीत, आधी जवळपास रिकामं पान येतंय, मग जावास्क्रिप्ट उतरणार, मग कुठं भाव दिसणार, आणि खानापूरच्या जंगलाकडं रेंज गेली की गिऱ्हाईक पांढरा स्क्रीन बघत बसतंय. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप लिंकचा प्रिव्ह्यू काढताना जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळं ओजी टॅग (प्रिव्ह्यूचं शीर्षक, फोटो सांगणारे) एचटीएमएलमध्येच पाहिजेत. मराठी-कन्नड दोन्ही? दोन फोल्डर करा, झालं. लॉगिन, सारखा बदलणारा डॅशबोर्ड असलं काही असेल तरच एसपीए घ्या, आणि सर्व्हरवर सगळे रूट (आतल्या पानांचे पत्ते) इंडेक्स डॉट एचटीएमएलकडं वळवा, नाहीतर आतल्या पानावर रिफ्रेश मारला की ४०४, म्हणजे पानच सापडत नाही.