सेलाफिनी भुंगेरे ओळखताना या चुका टाळा

पावसाळ्यात वडोदऱ्यात आमच्या परसातला वडाचा कुजका पाचोळा चाळला, की चाळणीखालच्या पांढऱ्या ताटात दोन मिलिमीटरचे तांबूस ठिपके चालू लागतात. घरचे म्हणतात, ‘मुंग्याच आहेत, झटक.’ झटकू नका, ते सेलाफिनी असू शकतात: रोव्ह बीटल या बहुधा आखूड पंखांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातला, मुंगीसारखा दिसणारा गट. मुंगीची मिशी कोपरासारखी दुमडते. सेलाफिनीची मिशी बहुधा मण्यांच्या माळेसारखी असते, टोकाला जाड. शिवाय पाठीवर आखूड कडक पंख दिसतात.

रोव्ह बीटल म्हटलं की दिव्यावर येणारा, चिरडला तर अंगावर फोड आणणारा पेडेरस आठवतो. तो पोट वर वळवतो, सेलाफिनीचं पोट मात्र ताठ असतं. म्हणून पुष्कळ जण याला रोव्ह बीटलमध्ये धरतच नाहीत. जुन्या पुस्तकांतही त्याचं वेगळं कुळ सापडेल. 1995मध्ये ते रोव्ह बीटलच्या कुळात उपकुळ म्हणून आलं, तेव्हा पुस्तक कधीचं आहे ते आधी बघा.

खरा घोळ होतो तो स्किडमेनिनी या दुसऱ्या भुंगेऱ्यांशी. तेही मुंगीसारखे दिसतात आणि 2009पासून याच कुळात आहेत. त्यांचे पंख बहुधा पोट पूर्ण झाकतात आणि पावलाला पाच पेरं असतात. सेलाफिनीला फार तर तीन. ही पेरं मोजतानाच माणूस फसतो, कारण पहिलं पेर इतकं बारीक असतं की दोनच आहेत असं वाटतं. उजेड वरून नको, बाजूने टाका. मी सुरुवातीला सगळे नमुने कार्डावर पालथे चिकटवले होते. पाय डिंकात बुडाले, एकही पेर दिसेना. मग कोमट पाण्यात सोडवून एकेक नमुना कार्डाच्या टोकावर कुशीवर बसवला, तेव्हा कुठे मोजता आलं. हा खटाटोप टाळू नका, सगळी ओळख त्यावर उभी आहे.

पाचोळ्यातले किडे बल्बच्या उष्णतेने खाली बाटलीत उतरवायचं नरसाळं, म्हणजे फनेल, वापरत असाल तर त्यावर मोठा बल्ब लावू नका. पाचोळा झटकन वाळतो आणि हे चिमुकले खाली उतरण्याआधीच मरतात. जातीपर्यंत जायचं तर नर हवा, त्याचं जननेंद्रिय काढून पाहावं लागतं. नुसत्या फोटोवरून जात सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

मुंग्यांच्या वारुळात सापडलेला भुंगेरा असेल तर मुंग्या फेकू नका. सेलाफिनीतल्या, मुंग्यांसोबत राहणाऱ्या क्लॅव्हिजर गटातल्यांच्या पोटाच्या बुडाशी केसांचे झुबके असतात. मुंग्या ते चाटतात आणि या भुंगेऱ्यांना तोंडातून भरवतात. कोणती मुंगी, हेही ओळखीला धरूनच असतं. म्हणून भुंगेऱ्याच्या आणि मुंग्यांच्या अशा दोन्ही बाटल्यांवर एकच क्रमांक घाला.