गरिबीविरुद्धचं काम: नियोजन करताना आणि माणसं नेमताना सोलापूरच्या संस्थांनी या चुका टाळाव्यात

सोलापूरच्या वस्तीतला हिशेब महिन्याचा नसतो. यंत्रमागावरचा पगार आठवड्याला, विडीची मजुरी हजारामागे, शिलाईची नगामागे आणि मायक्रोफायनान्सचा हप्ता पुन्हा आठवड्याला किंवा पंधरवड्याला. संस्थेचा आराखडा मात्र एप्रिल ते मार्च बांधलेला असतो, कारण देणगीदाराचं वर्ष तसं असतं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ या विसंगतीत आहे.

सर्वेक्षणात ‘महिन्याचं उत्पन्न किती?’ विचारणं

या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही, आणि त्यात लोकांचा दोष नाही. उत्पन्नाचा आकडा म्हटला की रेशनकार्ड आणि दाखला डोळ्यांसमोर येतो. संजय गांधी निराधार योजनेसाठी वर्षाला 21,000 रुपयांची मर्यादा वर्षानुवर्षं चालत आली आहे. साहजिकच वहीत नाव लिहिणाऱ्या प्रत्येकाला लोक त्याच्या आसपासचाच आकडा सांगतात.

त्याऐवजी मागचा आठवडा विचारा. विडी वळणारीला: किती दिवस पान-तंबाखू मिळालं, किती हजार विड्या भरल्या, त्यातल्या किती खराब म्हणून छाटल्या गेल्या. मागावरच्या कामगाराला: किती पाळ्या भरल्या, उचलीपोटी किती कापले. मग कर्जाचा तक्ता करा: कोणाकडून घेतलं, मुद्दल किती, हप्ता किती, किती हप्ते उरले. या चार रकान्यांतून जे कळतं ते दहा पानी प्रश्नावलीतून कळत नाही. कित्येक घरांत कमाई बरी असते, पण तीन-चार ठिकाणचे हप्ते तिचा मोठा भाग नेतात. अशा घराला नवा रोजगार देण्याआधी कर्जाची रचना बदलायला मदत लागते.

वेळही चुकते. सकाळी विडी कामगार बाया माल जमा करायला कारखान्यात गेलेल्या असतात. नळाला पाणी रोज येत नाही आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं कोणीही बोलायला मोकळं नसतं. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या घरात पाऊण तास बसवून प्रश्न विचारणं तर अन्यायच. गल्लीनिहाय पाण्याचे दिवस आधी लिहून घ्या आणि भेटी संध्याकाळच्या ठेवा. पहिली 15 घरं कच्ची धरा, प्रश्न दुरुस्त करा, मगच पुढे जा. 300 घरांसाठी तीन माणसं, प्रत्येकी दिवसाला सहा घरं असा हिशेब केला तर 17 दिवस लागतात. बंद सापडणाऱ्या घरांच्या दुसऱ्या फेरीसाठी आणखी चार दिवस राखून ठेवा.

वस्तू आधी, बाजार मागून

शिलाई मशीन वाटप हे याचं ठळक उदाहरण. सोलापुरात गणवेश आणि तयार कपड्यांचा मोठा धंदा आहे, म्हणून मशीन दिली की काम मिळेल असं गृहीत धरलं जातं. पण कारखान्यात मोटरवरची जलद सिंगल नीडल मशीन, ओव्हरलॉक आणि काज-बटणाची मशीन चालते. घरच्या पायमशीनवर शिकलेली बाई तिथे पहिल्याच दिवशी मागे पडते, आणि गल्लीत फॉल-पिको करणाऱ्या आधीच चारजणी असतात. काही महिन्यांनी मशीन कोपऱ्यात जाते किंवा विकली जाते.

क्रम उलटा ठेवा. आधी दोन-तीन कारखानदारांना विचारा की कोणत्या कामाला माणूस कमी आहे, नगामागे काय देतात, घरी काम देतात का. मग त्याच जातीच्या मशीनवर शिकवा: कॉलर, बाही, खिसा असं एकेक काम, वेग येईपर्यंत. शिकताना बुडणाऱ्या मजुरीची भरपाई अंदाजपत्रकात हवी. ती नसेल तर सर्वांत गरीब बाई पहिल्या आठवड्यातच गळते आणि ज्यांचं घर आधीच चालतं त्याच शेवटपर्यंत टिकतात. यादी भरलेली दिसते, पण ज्यांच्यासाठी वर्ग काढला त्या त्यात नसतात.

एका कार्यकर्तीवर 300 घरं

ही चूक सगळ्यात महाग पडते. अर्जात ‘एक क्षेत्र कार्यकर्ती, 300 कुटुंबं’ असं लिहिलं की दर कुटुंबी खर्च कमी दिसतो. आता प्रत्यक्ष मोजा. एक नीट भेट, चालणं आणि नोंद धरून, पाऊण ते एक तास घेते. दिवसाला सहा भेटी. आठवड्यात पाचवा-सहावा दिवस बैठक, तहसील आणि बँकेत जातो, म्हणजे भेटीचे दिवस चार. आठवड्याला 24, महिन्याला जेमतेम 100. म्हणजे 300 घरांतल्या प्रत्येकाची पाळी तीन महिन्यांनी येते. तोवर हप्ता थकलेला असतो, मुलगी शाळेतून काढलेली असते, किंवा कुटुंब ऊसतोडीला गेलेलं असतं.

100 घरांना एक कार्यकर्ती हे प्रमाण धरा. पैसे तेवढे नसतील तर घरं कमी करा, पण कार्यकर्तीचं ओझं वाढवू नका. 100 पैकीही सगळी सारखी नसतात: एकटी बाई, आजारी कमावता, मोठं कर्ज अशी साधारण 25 घरं निवडून पंधरवड्याला भेटा, उरलेल्यांना दोन महिन्यांनी एकदा. हिशेब बसतो: 25 घरांच्या महिन्यात 50 भेटी, 75 घरांच्या सरासरी 38. उरलेल्या डझनभर भेटी अचानक येणाऱ्या कामांसाठी.

दुसरी गफलत म्हणजे कागदपत्रं आणि गृहभेटी एकाच माणसाकडे देणं. कार्यालयाच्या रांगेत दिवस गेला की भेटी बुडतात. तीन कार्यकर्तींमागे कागदपत्रांचा एक जाणकार स्वतंत्र नेमा.

योजना मिळवून दिली, पैसा कुठे गेला ते पाहिलं नाही

अर्ज मंजूर झाला की काम संपलं असं समजू नका. ‘मंजूर आहे, पण खात्यात आले नाहीत’ ही तक्रार आली की या क्रमाने तपासा.

1. आधारशी जोडलेली बँक कोणती? थेट लाभाची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. आधारच्या आधारे पाठवलेली रक्कम शेवटी ज्या बँकेशी जोडणी झाली तिथे जाते. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते. ओटीपीसाठी नोंदवलेला मोबाइल हातात हवा. तो बंद असेल तर आधी नंबर बदलून घ्या.
2. पैसे कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात पडून असतील तर ते तिथून काढा आणि हव्या त्या बँकेत आधार जोडणीचा संमती अर्ज द्या. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स देणं म्हणजे ही जोडणी नव्हे. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.
3. खातं चालू आहे का? दोन वर्षं व्यवहार नसला की ते निष्क्रिय होतं.
4. नाव जुळतं का?

चौथा मुद्दा शहराच्या पूर्वभागात, म्हणजे तेलुगू भाषकांच्या वस्तीत, फार छळतो. तेलुगू आडनाव देवनागरीत आणि इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं, लग्नानंतर नाव बदलतं, आणि विडी कारखान्याच्या नोंदीत माहेरचंच राहतं. भविष्य निर्वाह निधी किंवा पेन्शन काढायच्या वेळी हे बाहेर येतं, तेव्हा बाई साठीची असते. म्हणून पस्तिशी-चाळिशीतच आधार, पॅन, बँक आणि निधीचं खातं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर पडताळा. दुरुस्तीची सुरुवात आधारपासून करा, कारण बाकीचं त्याला जुळवावं लागतं.

भाषा न पाहता माणसं घेणं

पूर्वभागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, कित्येक मोहल्ल्यांत दखनी उर्दू. मराठी सगळ्यांना समजते, म्हणून चालून जाईल असं वाटतं. पण कर्ज, मारहाण, आजार या गोष्टी बाई घरच्या भाषेतच सांगते. जिला त्या गल्लीत ‘अक्का’ म्हणून हाक मारतात, ती दहावी नापास असली तरी पदवीधरापेक्षा जास्त कळवते. नोंदी लिहायला तिला तीन महिन्यांत शिकवता येतं. मात्र बचत गटाच्या कर्जवसुलीचं काम तिच्याकडे देऊ नका. त्याच तोंडाने हप्ता मागितला की बाकीचं बोलणं बंद होतं.

पगाराची तरतूद शेवटी करणं

‘सीएसआरमध्ये (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीत) 5 टक्क्यांच्या वर पगार बसत नाहीत’ हा समज चुकीचा आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पावर थेट काम करणाऱ्या कार्यकर्तीचा पगार हा प्रकल्पाचा खर्च. अर्जात तो तसाच, दिवसांच्या हिशेबासह दाखवा. देणगीचा हप्ता उशिरा येणार हे धरून चाला आणि तीन महिन्यांचे पगार राखीव ठेवा: महिना 12,000 प्रमाणे चौघींचे 1,44,000 रुपये. ते नसतील तर चौथी जागा भरू नका. मध्येच कार्यकर्ती गेली की 100 घरांचा विश्वास तिच्यासोबत जातो.

कर्मचारी 10 झाले की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, 20 झाले की भविष्य निर्वाह निधी. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. तो राहिला तर पुढे खात्यावरच्या सह्यांपासून सगळं अडतं.

हजेरी मोजणं

शिबिराला किती बाया आल्या यावरून गरिबी हलली का ते कळत नाही. सुरुवातीच्या यादीतली 30 घरं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि दर सहा महिन्यांनी, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, तीच घरं पडताळा. जूनमध्ये वह्या-गणवेशाचा खर्च असतो, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, दिवाळीनंतर ऊसतोडीची कुटुंबं गावात नसतात. त्यामुळे जूनची तुलना मागच्या जूनशी आणि डिसेंबरची मागच्या डिसेंबरशीच करा. प्रश्न चारच: कर्जाचा आठवड्याचा एकूण हप्ता किती, गेल्या महिन्यात कोणाकडून उसने घ्यावे लागले का, कोणी मूल शाळेतून गळलं का, दवाखान्याचं काम पुढे ढकललं का. हे प्रश्न त्या गल्लीच्या कार्यकर्तीने विचारू नयेत. दुसऱ्या गल्लीतल्या कार्यकर्तीला पाठवा.