मधले नाव ठरलेले असताना बाळाचे पहिले नाव कसे निवडावे

पाळण्याचा दिवस ठरला की घरात नावांच्या याद्या निघतात. पण मधल्या नावाचा विचार कोणी करीत नाही, कारण आपल्याकडे ते निवडण्याची सोयच नसते. "बापाचं नाव त ठरलेलंच हाय, त्यात काय पाह्याचं?" असे वऱ्हाडातली कोणतीही आजी विचारील. तरीही पाहावे लागते, कारण वडिलांचे नाव बदलणार नसेल तर पहिले नावच त्याच्या मापाने निवडणे भाग आहे. त्यातच, शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांत बाळ, आई, वडील आणि आडनाव या क्रमाने लिहायचे असल्यामुळे, मधली नावे आता एकाऐवजी दोन झाली आहेत.

सुचलेले नाव एकटे उच्चारून आवडले म्हणून पक्के करू नये. शाळेत हजेरी घेताना गुरुजी ज्या वेगाने नावे वाचतात, त्या वेगाने ते वडिलांच्या नावासह आणि आडनावासह चार-पाच वेळा मोठ्याने म्हणावे, आणि नंतर आईचे नाव मध्ये घालून पुन्हा म्हणावे. सगळी गडबड दोन नावांच्या सांध्यावर होते. पहिले नाव ज्या अक्षराने संपते त्याच अक्षराने पुढचे सुरू होत असेल तर एक अक्षर गिळले जाते: 'अमोल लक्ष्मण' किंवा 'आरव वसंत' घाईने म्हणून पाहावे. स्वरापुढे स्वर आला तर नावे चक्क चिकटतात, आणि 'आर्या आनंद' ऐकणारा 'आर्यानंद' असे एकच नाव लिहून मोकळा होतो. सध्या आवडीची असलेली राम, जय, देव, शिव ही छोटी नावे या बाबतीत सर्वांत फसवी आहेत; वडील किसन असतील तर राम हा मुलगा गावभर 'रामकिसन' होतो आणि बापाचे नाव विचारले की पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते.

सांध्यावरची पुनरुक्ती खटकते, पण शेवटची पुनरुक्ती मात्र कानाला गोड लागते, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. पापळचे भाऊसाहेब म्हणजे पंजाबराव शामराव देशमुख. दोन्ही ठिकाणी मुलाच्या आणि वडिलांच्या नावाचा शेवट सारखा आहे आणि त्यामुळेच नावाला ठेका आला आहे. म्हणून यमक जुळते म्हणून एखादे नाव टाकून देऊ नये.

लांबीचा हिशेब सोपा आहे. वडील पुरुषोत्तम किंवा ज्ञानेश्वर असतील तर दोन अक्षरी नाव शोभते: 'ईरा पुरुषोत्तम गावंडे'. वडील बबन असतील तर 'देवयानी बबन वानखडे' असे ऐसपैस नावही पेलते. आद्याक्षरेही एकदा लिहून पाहावीत. मानसी रमेश हिची 'मा. र.' होतात आणि वर्गातली पोरे असली संधी सोडत नाहीत.

राशीचे अक्षर आड आले तर फार अडून बसू नये. रोहिणी नक्षत्रावर ओ, वा, वी, वू ही अक्षरे येतात आणि वडील वसंत असले तरी 'वा'वरून नाव ठेवता येते, कारण सांधा शेवटच्या अक्षराशी असतो, पहिल्याशी नव्हे. तरीही जमत नसेल तर राशीचे नाव पाळण्यापुरते ठेवावे. मात्र दाखल्यावर कोणते जाणार हे आत्याने कानात नाव सांगण्यापूर्वीच ठरलेले असावे.

यापुढची गोष्ट कानाची नसून कागदाची आहे आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. गावात राजूभाऊ म्हणून ओळखला जाणारा बाप आधार कार्डावर राजेंद्र असतो, 'राव' एका कागदावर असतो आणि दुसऱ्यावर नसतो, आईचे नाव लग्नानंतर बदललेले असते. आमच्या आजोबांचे नाव शाळेच्या दाखल्यावर मारोती आणि सातबाऱ्यावर मारुती होते. वारस नोंदीच्या वेळी दोन्ही माणसे एकच आहेत असे शपथपत्र वडिलांना करून द्यावे लागले. एका मात्रेपायी तालुक्याच्या किती खेपा झाल्या, ते सांगत नाही. म्हणून आई-वडिलांची नावे त्यांच्या आधार कार्डाप्रमाणे, मराठी व इंग्रजी अक्षरांसह, एका कागदावर उतरवून घ्यावीत आणि नाव जुळते की नाही याची परीक्षा त्याच रूपावर करावी. ज्ञानेश्वरचे इंग्रजी अक्षर कोणी डी लिहितो, कोणी जी. आपल्या घरी कोणते आहे ते आधीच पाहावे.

पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते आणि जन्माची नोंद जन्म झाला तिथेच होते, त्यामुळे हा कागद बाळंतिणीसोबत पाठवावा. नाहीतर नोंदीच्या वेळी जावयाचे नाव मामा ऐकीव सांगतो आणि तेच कायमचे लिहिले जाते. जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यायची असते, परंतु त्या वेळी बाळाचे नाव ठरलेले नसले तरी नोंद अडत नाही. नाव एका वर्षाच्या आत विनाशुल्क टाकता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून नोंदीच्या तारखेपासून १५ वर्षांपर्यंत टाकता येते.