जर्मन शिकवण्यातलं एम.ए.: प्रवेशापासून प्रबंधापर्यंत

परकीय भाषा म्हणून जर्मन कशी शिकवावी, याचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. जर्मनीत त्याचं नाव 'डॉइच आल्स फ्रेम्डश्प्राखं', बोलताना नुसतं 'डाफ'. लाइपझिगच्या हेर्डर इन्स्टिट्यूटचा पाया १९५६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना जर्मन शिकवण्यासाठी घातला गेला आणि या विषयाचं पहिलं प्राध्यापकपदही तिथलंच, गेरहार्ड हेल्बिग यांचं. आज लाइपझिग, येना, बीलेफेल्ड, कासेल, मारबुर्ग अशा अनेक ठिकाणी यात एम.ए. करता येतं.

सर्वांत आधी एक फरक लक्षात घ्या. 'गेर्मानिस्टिक' म्हणजे मुख्यतः साहित्य आणि भाषाविज्ञान. 'डाफ' म्हणजे शिकणाऱ्याच्या डोक्यात भाषा कशी रुजते, तास कसा आखायचा, परीक्षा कशी काढायची, उच्चार कसे सुधारायचे. दोन्ही पदव्या चांगल्या आहेत, पण शिकवायचंच असेल तर अर्ज करण्यापूर्वी त्या विद्यापीठाचं मोडूलहांडबुख, म्हणजे विषयवार माहितीपुस्तक, उतरवून घ्या आणि एकच गोष्ट शोधा: प्रत्यक्ष वर्गात उभं राहून शिकवणं किती आहे आणि त्यावर मागे बसून कोण अभिप्राय देणार आहे. विद्यापीठाचं नाव किंवा शहर यांपेक्षा हा निकष कितीतरी महत्त्वाचा. देखरेखीखाली शिकवायची संधी नोकरी लागल्यावर क्वचितच मिळते.

पात्रतेत बरेच जण अडकतात. अभियांत्रिकी किंवा वाणिज्याची पदवी आणि हातात सी१ प्रमाणपत्र (भाषेच्या ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली पाचवी), एवढ्यावर थेट प्रवेश बहुधा मिळत नाही. पदवीत जर्मन, भाषाविज्ञान किंवा शिक्षणशास्त्र यांचे ठरावीक श्रेयांक (क्रेडिट) लागतात. अशांनी आधी भारतात जर्मनचं एम.ए. करावं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, मुंबई विद्यापीठाचा कालिन्यातला जर्मन विभाग, हैदराबादचं इफ्लू हे भाषांचं विद्यापीठ आणि दिल्लीचं जेएनयू हे ओळखीचे पर्याय. काही ठिकाणी इतर शाखांच्या पदवीधरांनाही भाषेच्या पातळीवर घेतात.

गुणांचं जर्मन श्रेणीत रूपांतर घरीच करून बघा. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, आलेल्या आकड्याला कमाल आणि उत्तीर्णतेचे गुण यांतल्या फरकानं भागा, ३ नं गुणा आणि १ मिळवा. कमाल १००, उत्तीर्णता ४० आणि तुम्हाला ७० असतील तर उत्तर येतं २.५. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास. बऱ्याच एम.ए.ना २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी लागते, म्हणजे सत्तर टक्क्यांखाली पर्याय भराभर कमी होतात.

भाषेसाठी डीएसएच-२ (जर्मन विद्यापीठं स्वतः घेतात ती भाषापरीक्षा), टेस्टडाफ या प्रमाणित परीक्षेच्या चारही भागांत ४, किंवा गोएथे इन्स्टिट्यूटचं सी२ हे सर्वत्र चालणारे मार्ग. सी१ पुरणारी ठिकाणं आहेत, पण त्यावर विसंबू नका. सी१ वर वाचन जमतं. पण व्याकरणातल्या एखाद्या मुद्द्यावर चर्चासत्रात जर्मन सहाध्यायांसमोर तीस मिनिटं बोलून मग प्रश्नांना उत्तरं देणं वेगळं. निघण्याआधीचे सहा महिने रोज अर्धा तास मोठ्यानं बोलण्याला आणि आठवड्याला दोन पानांचा एक शास्त्रीय मजकूर लिहिण्याला द्या.

कागदपत्रांची सुरुवात वर्षभर आधी करा. भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं) सक्तीचं आहे. त्याचं शुल्क १८,००० रुपये. विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रिका किंवा अंतिम पदवी मिळायला उशीर झाला की पुढचं सगळं गडबडतं, म्हणून हे काम पहिलं. अर्ज बहुतेक ठिकाणी युनी-असिस्ट या परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातो: पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रासाठी पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सत्राची नेहमीची अंतिम तारीख १५ जुलै असली, तरी एम.ए.साठी ती कित्येकदा ३१ मे किंवा त्याआधीची असते. शेवटच्या आठवड्यात पाठवलेल्या अर्जात एक शिक्का कमी निघाला, तर दुरुस्तीला वेळच उरत नाही.

सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क बहुधा नसतं, सत्रशुल्क असतं. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना दर सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात (त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, दाखवावे लागतात. शिकताना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. इथं शिक्षकी पेशातल्यांनी विशेष जपायचं. भाषा शाळा बहुधा मानधनावर, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून बोलावतात, आणि विद्यार्थी व्हिसावर तसं काम परदेशी नागरिक कार्यालयाच्या परवानगीशिवाय चालत नाही. आधी परवानगी, मग पहिला तास.

अभ्यासक्रम चार सत्रांचा, १२० श्रेयांकांचा. एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचं काम. ध्वनिशास्त्र, व्याकरण, भाषासंपादन, अध्यापनशास्त्र, मूल्यमापन आणि देशपरिचय हे ठरलेले विषय. काही विद्यापीठांत एक अगदी अनोळखी भाषा शून्यापासून शिकायला लावतात आणि शिकताना रोजनिशी ठेवायला सांगतात. हे टाळण्यासारखं वाटलं तरी मनापासून करा. ए१ च्या विद्यार्थ्याला तिसऱ्या मिनिटाला कशानं घाम फुटतो, ते त्यातूनच कळतं.

मराठी माणसाचं खरं भांडवल आहे ते तुलनात्मक व्याकरणात. जर्मन 'त्साइट' किंवा 'त्सूग' यांचा पहिला ध्वनी म्हणजे आपल्या 'चाक' मधला च ('चहा' मधला नव्हे), तो मराठी मुलाला आधीच येतो. इंग्रजीच्या सवयीनं तो 'झाइट' म्हणतो, एवढंच. उलट शब्दाच्या शेवटी घोष व्यंजन आपण तसंच ठेवतो, 'बाग', 'खोड', म्हणून जर्मन 'टाक' (दिवस; लिहिताना शेवटी g) ऐवजी 'टाग' येतं. जीभ पुढे ठेवून ओठ गोल करायचे ü, ö हे स्वर मराठीत नाहीत. ü साठी ई म्हणत ओठ हळूहळू ऊ सारखे करायला लावा, जीभ हलू द्यायची नाही. वाक्यरचनेत गौण वाक्याच्या शेवटी क्रियापद जाणं मराठीला सहज आहे. चूक होते मुख्य वाक्यात, क्रियापद दुसऱ्या जागी ठेवताना, आणि तिचं मूळ बऱ्याचदा इंग्रजीत असतं. तीन लिंगांची कल्पना समजावावी लागत नाही, पण 'ते टेबल' जर्मनमध्ये पुल्लिंगी होतं. सगळ्यांत चिवट अडचण 'त्याला' ची. 'त्याला बघतो' आणि 'त्याला देतो' यांत मराठीत रूप एकच, जर्मनमध्ये 'ईन' आणि 'ईम' वेगळे. 'कोणाला' असा प्रश्न विचारून विभक्ती ओळखायला शिकवलं, की मराठी वर्ग इथं हमखास फसतो. त्याऐवजी क्रियापदांच्या दोन याद्या पाठ करून घेणं जास्त उपयोगी पडतं.

प्रात्यक्षिकात आधी निरीक्षण, मग शिकवणं. निरीक्षणात 'तास छान झाला' असं लिहू नका. शिक्षकानं सूचना नेमक्या कोणत्या शब्दांत दिली, प्रश्नानंतर किती सेकंद थांबला, कोण एकदाही बोललं नाही, हे टिपा. तासाचा आराखडा पाच रकान्यांत करा: वेळ, टप्पा, उद्दिष्ट, कामाची पद्धत (एकटा, जोडी, गट), साहित्य. ४५ मिनिटांत सात कृती कोंबणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक, तीन पुरतात. नवीन शब्द आठ ते बारा. उद्दिष्टात 'विशेषणाची रूपं शिकवणे' नको, 'विद्यार्थी हरवलेल्या बॅगेचं वर्णन करू शकतात' असं हवं, म्हणजे तास संपल्यावर ते साधलं का हे बघता येतं. बोलण्याच्या सरावात प्रत्येक चूक तोडू नका. त्या लिहून ठेवा आणि शेवटची पाच मिनिटं त्यांना द्या.

प्रबंधाचा विषय वर्गातून उचला आणि लहान ठेवा. 'मराठी भाषकांच्या चुका' हा विषय होत नाही. 'बी१ च्या लेखनात ईन-ईमची गल्लत' होतो. मुलाखती किंवा बोलण्याची ध्वनिमुद्रणं वापरणार असाल तर लेखी संमती सुरुवातीलाच घ्या. एका तासाचं मुद्रण नीट लिहून काढायला पाच ते दहा तास जातात. पंधरा मुलाखती ठरवणाऱ्यांचं वेळापत्रक इथंच कोलमडतं.

पदवीनंतर जर्मनीत १८ महिने नोकरी शोधायला मिळतात. स्थलांतरितांच्या एकात्मता वर्गांचं मोठं क्षेत्र आहे: ६०० तास भाषा, १०० तास समाजपरिचय. डाफच्या पदवीवर तिथं शिकवण्याची मान्यता सहज मिळते, इतरांना जादा प्रशिक्षण लागतं. भारतात महाविद्यालयात कायम पदासाठी एम.ए.ला किमान ५५ टक्के आणि नेट (त्यात जर्मन विषय आहे), शाळेत बी.एड. लागतं. शालेय जर्मनचं भवितव्य धोरणावर हलतं, हे केंद्रीय विद्यालयांत २०१४ मध्ये जर्मनच्या जागी संस्कृत आलं तेव्हा दिसलं. सध्या ओढ आहे ती परिचारिका आणि कुशल कामगारांना बी१-बी२ पर्यंत नेणाऱ्या शिक्षकांची. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेंबर्गशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून इथंही.

परत यायचा विचार असेल तर पदवीसोबत प्रत्येक विषयाचं वर्णन आणि मोडूलहांडबुखची तुमच्या प्रवेशवर्षाची प्रत जपून ठेवा. समकक्षता प्रमाणपत्राच्या वेळी तीच मागतात, आणि दोन वर्षांनी संकेतस्थळावर नवीच आवृत्ती असते.