कुरणाला स्फुरद द्या, पण मातीतली बुरशी सांभाळून

माण, आटपाडी, जतकडच्या माळावरच्या कुरणात सुपर फॉस्फेट (स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारं खत) टाकण्याआधी माती तपासून घ्या. नमुना 15 सेंमी खोलीपर्यंतचा असावा. जनावरं बसतात ती जागा टाळा, तिथे शेणामुळे स्फुरद आधीच जास्त असतं. स्फुरद मोजायला प्रयोगशाळेत चुनखडीच्या जमिनीला ओल्सेन पद्धत, पाटण-जावळीच्या आम्ल तांबड्या मातीला ब्रे पद्धत. ओल्सेनने उपलब्ध स्फुरद हेक्टरी 10 किलोच्या आत म्हणजे कमी, 25 च्या वर म्हणजे भरपूर; मग खत नकोच. आकडा नुसत्या स्फुरदाचा आहे की पी-टू-ओ-फाइव्हचा (स्फुरदाचं ऑक्साइड; खतातलं स्फुरद याच रूपात सांगतात), हे नक्की पाहा. पहिल्याला 2.29 ने गुणलं की दुसरा येतो, आणि इथेच बहुतेक जण फसतात.

जास्त खताने बिघडतं काय? गवताच्या मुळांत मायकोरायझा बुरशी राहते. तिचे तंतू मुळं पोहोचत नाहीत तिथून स्फुरद आणतात आणि बदल्यात गवताकडून साखर घेतात. आयतं स्फुरद मिळालं की गवत साखर आखडतं आणि बुरशी ओसरते. पावसाने ओढ दिली की गवताला तिची उणीव भासते. उलट स्टायलोसारख्या द्विदल चाऱ्याला थोडं स्फुरद हवंच; त्याशिवाय मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम, म्हणजे हवेतलं नत्र मिळवून देणारे जिवाणू, नीट काम करत नाहीत.

म्हणून सगळ्या कुरणात एकदम टाकू नका. एकेक गुंठ्याच्या तीन पट्ट्या आखा: एक कोरी, एकीत सव्वा किलो सुपर फॉस्फेट, एकीत अडीच किलो. अडीच किलो म्हणजे एकरी 100 किलो, त्यात 16 किलो पी-टू-ओ-फाइव्ह. पहिल्या चांगल्या पावसानंतर, कुजलेल्या शेणखतात मिसळून टाका. पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) द्यायचं तर वेगळ्या शेणखतातून, आठवडाभराने. खताच्या आम्लात आणि क्षारांत जिवाणू मरतात.

दीड महिन्याने स्टायलोचं रोप मुळासकट खणा, हलक्या हाताने धुवा, गाठ कापा. आतून लालसर असेल तर काम चालू. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. सव्वा किलोवर चारा आणि गाठी अडीच किलोइतक्याच दिसल्या, तर तिथेच थांबा.

कास पठार आणि तसल्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर) मात्र चिमूटभरही खत नको. दवबिंदू, सीतेची आसवं या कीटकभक्षी वनस्पती कमी अन्नाच्या मातीत किडे पकडून जगतात; खत पडलं की उंच गवत माजून त्यांना झाकून टाकतं.